नव्या गाडीची हौस आणि वॉरंटीचं पुस्तक

पाडव्याला आमच्या दारात नवी गाडी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, शेजारी पेढे वाटले. आणि महिना होतो न होतो तोच 'हिला आणखी काय काय लावायचं' याची चर्चा घरात सुरू झाली. नव्या सुनेच्या अंगावर दागिने घालावेत तशीच ही हौस! पण या हौसेची किंमत वॉरंटीतून वसूल होते, हे आम्हांला पाच महिन्यांनी कळलं.

साताऱ्याहून सांगलीला, माझ्या माहेरी, आमची वरचेवर फेरी असते. रात्री परतताना समोरून येणाऱ्या ट्रकांच्या उजेडात रस्ता दिसत नाही, म्हणून ह्यांनी सांगलीतच एका दुकानात मूळचे ६० वॅटचे बल्ब काढून १०० वॅटचे बसवून घेतले. दादाही म्हणाला, "बसवा हो दाजी, सगळेच बसवतात."

श्रावणातल्या एका रात्री कराड सोडून उंब्रजजवळ आलो, आणि दोन्ही दिवे एकदम गेले. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. मागच्या सीटवर मुलं झोपलेली. गाडी कडेला उभी राहीपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

वर्कशॉपमध्ये दिव्यांची वायर आणि स्विच वितळलेला निघाला. कारण साधं आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर वीज ओढतो, तर १०० वॅटचा ८ च्याही वर. कंपनीनं वायर घातलेली असते ती पाचाच्या हिशेबानं. पाच माणसांच्या कुकरात आठ जणांचा भात लावावा, तशी गत झाली.

वायरिंगचे पैसे आम्ही मुकाट्यानं भरले. चूक आमचीच होती. पण त्याच आठवड्यात गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसरही बंद पडला होता. त्याचंही भलंमोठं बिल समोर आलं. "बाहेरचं काम केलंत ना, आता सगळीच वॉरंटी गेली," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. ह्यांनी पाकिटाला हात घातला. मी म्हटलं, "थांबा जरा. आधी पुस्तक वाचू."

ते वॉरंटीचं पुस्तक कपाटात कोरं करकरीत पडलेलं! रात्री मुलं झोपल्यावर बारीक टाइपातलं ते कलम दोनदा वाचलं. फेरफारामुळे जे नुकसान होईल ते वॉरंटीत धरलं जाणार नाही, असं त्यात होतं. एक फेरफार केला की सगळी गाडीच वॉरंटीबाहेर, असं कुठंच नव्हतं. मग दिव्याच्या बल्बचा आणि कॉम्प्रेसरचा संबंध काय? दुसऱ्या दिवशी आम्ही एवढंच म्हटलं, "बल्बमुळे कॉम्प्रेसर कसा गेला, ते कारणासह लेखी द्या." लेखी काही आलं नाही. चार दिवसांनी फोन मात्र आला, की कॉम्प्रेसर वॉरंटीत बदललाय, गाडी घेऊन जा!

अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीसाठी वेगळा कायदाच आहे. आमच्याच कंपनीचा सुटा भाग वापरा, नाहीतर वॉरंटी बंद, अशी अट तिथं सहसा घालता येत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. प्रत्येक कंपनीची कलमंही वेगळी. म्हणून पुस्तकातला शब्द हाच आपला आधार.

मैत्रिणींनो, हौस जरूर करा, पण थोडं सांभाळून. मॅटनं काही बिघडत नाही. हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम लावताना मात्र मूळ वायर कापू देऊ नका. तयार कपलर जोडून काम होतं का, ते विचारा. शोरूममध्येच वस्तू बसवली तर तिचं वेगळं बिल आणि 'वॉरंटीला बाधा नाही' असं लेखी घ्या. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर जाड, घट्ट कव्हर घालू नका, ती उघडताना अडते. पुढच्या लोखंडी गार्डचा मोह नको. त्यावर कारवाई करा, असं केंद्रीय वाहतूक खात्यानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. सीएनजी बसवायचाच तर मान्यताप्राप्त किट घ्या, त्याची नोंद आरसी बुकात करा आणि विमा कंपनीलाही कळवा. आधी वॉरंटीचं कलम वाचा, कारण बाहेरचं किट लावल्यावर इंजिनाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. सर्व्हिसिंग वेळेवर करून बिलं एका फाइलीत लावा.

एवढं करूनही वॉरंटी नाकारली, तर तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. लेखी कारण मागा. मग कंपनीला पत्र लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी सांगलीत घेतली आणि घर साताऱ्यात असलं, तर साताऱ्यात. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये.

दागिन्यांची पावती आपण जपून ठेवतोच ना? मग गाडीचं पुस्तकही त्याच मानानं ठेवू या. आज दुपारची कामं आटोपली की ते काढा आणि 'काय वॉरंटीत येत नाही' ते पान तेवढं वाचा. गाडीचा हप्ता आपल्याच घरखर्चातून जातो, बायांनो!