बालवयातील वृक्कार्बुद : रोगमुक्तीनंतरची दक्षता

बालकांमध्ये आढळणाऱ्या वृक्कार्बुदांपैकी ‘विल्म्स ट्यूमर’ हे प्रमुख होय. जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स यांनी १८९९ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. शस्त्रकर्म, केमोथेरपी व आवश्यकतेनुसार किरणोपचार यांच्या योगे प्रगत देशांत आज दहांपैकी सुमारे नऊ बालके वाचतात. हीच मुले पुढे प्रौढपणी आम्लपित्त, कटिशूल, दौर्बल्य अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात, तेव्हा पूर्वीच्या चिकित्सेचा विचार आवश्यक ठरतो.

चरकाचार्यांनी शिर, हृदय व बस्ती ही प्रधान मर्मे मानली आहेत. या व्याधीच्या चिकित्सेचा भार त्यांपैकी दोहोंवर पडतो. बहुतेकांचे एक वृक्क काढलेले असते. उरलेल्या वृक्काचे कार्य सहसा टिकते. तथापि काहींमध्ये कालांतराने रक्तदाब वाढतो वा मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात. डॉक्सोरुबिसिन हे औषध दिले गेले असल्यास हृत्स्नायूचे दौर्बल्य अनेक वर्षांनीही प्रकट होऊ शकते. उदरावरील किरणोपचाराने पृष्ठवंशास वक्रता येऊ शकते, तर स्त्रियांत अकाल प्रसूतीचा संभव वाढतो. छातीवरील किरणोपचारानंतर स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

अनेकांना आपला बालपणीचा आजार नीट ठाऊक नसतो. म्हणून उदरावर जुना शस्त्रकर्माचा व्रण दिसताच वैद्यांनी त्याचे कारण विचारावे, जुनी कागदपत्रे मागवावीत, रक्तदाब मोजावा आणि मूत्रपरीक्षा व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. धाप वा पायांवर शोथ असल्यास हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवण्यास विलंब करू नये.

औषधयोजनेतही तारतम्य हवे. यष्टिमधूच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. पारद, हरताळ, मनःशिला इत्यादींनी युक्त रसकल्प अशा रुग्णांत टाळणेच इष्ट, असे आमचे मत आहे. १९९० च्या दशकारंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या मिश्रणात एका चिनी वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि अनेक निरोगी स्त्रियांची वृक्के निकामी झाली. आपल्याकडील ईश्वरी त्याच प्रजातीची आहे. दोन वृक्के असणाऱ्यांची ही गत, तर एकावर विसंबणाऱ्याचे काय होईल?

औषधविक्रेत्या बंधूंनी द्रव्याची ओळख पटवूनच खरेदी करावी. ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना असलेले कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत आणि वेदनाशामक मागणाऱ्यास वृक्कविकाराविषयी अवश्य विचारावे. मोठ्या कष्टाने वाचवलेले हे जीवन आपल्या अनवधानाने धोक्यात येऊ नये, एवढी जबाबदारी आपणा सर्वांची आहे.