नायगावहून जगाकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदेडहून देगलूरकडे जाताना लागणाऱ्या नायगावचा आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा काय संबंध, असे कोणी विचारले तर आपण हसू. पण संबंध आहे. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या वर्षी २१ ऑगस्टला निजाम सरकारने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली. हैदराबाद हे मुळात स्वतंत्र राष्ट्र नाही, त्यामुळे त्याला तक्रारीचा अधिकारच नाही, अशी बाजू भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली.

राष्ट्र कशाला म्हणायचे, तक्रार कोणी करायची, करार कोणावर बंधनकारक असतो, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय. त्यात इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा एकत्र येतात.

हा विषय आजही आपल्या शिवारापर्यंत पोचतो. भारत खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागवतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले. असे निर्णय लातूरच्या बाजारातील सोयाबीनच्या भावाशी जोडलेले असतात. तुरीसाठी तर भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला. तेव्हा हा विषय केवळ दिल्लीकरांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आता शिक्षणाकडे वळू. बारावीनंतर लगेच हाच विषय घेतला पाहिजे असे नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयातून राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास घेऊन पदवी मिळवली, तरी पाया घातला जातो. पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय अध्ययन विभाग प्रसिद्ध आहे. १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झालेला हा विभाग १९७० मध्ये या विद्यापीठात आला. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र शिकवले जाते. परकीय भाषेसाठी हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आपल्याला मुंबई-पुण्यापेक्षा जवळ आहे.

मात्र पालकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. नुसत्या या पदवीवर नोकरी मिळत नाही. संयुक्त राष्ट्रसंघातील बहुतेक व्यावसायिक पदांना उच्च शिक्षणाबरोबर कामाचा अनुभव लागतो. म्हणून पदवीला दुसऱ्या कौशल्याची जोड हवी. फ्रेंच, अरबी किंवा चिनी भाषा, आंतरराष्ट्रीय व्यापार, कायदा किंवा आकडेवारीचे विश्लेषण, यांपैकी एक तरी पक्के यावे. मग निर्यात कंपन्या, पत्रकारिता, संशोधन संस्था, दूतावास, मदतकार्य करणाऱ्या संस्था अशी दारे उघडतात.

भारतीय परराष्ट्र सेवेचा मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा एक पेपर मात्र उत्तीर्ण व्हावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत दाखल झाले आणि पुढे मालदीवमध्ये भारताचे उच्चायुक्त व न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले.

परदेशी विद्यापीठाच्या नावावर शेत गहाण टाकण्याआधी शिष्यवृत्तीची चौकशी करावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. विद्यापीठाला मान्यता आहे का, शुल्काव्यतिरिक्त राहण्याचा खर्च किती आणि आधीचे विद्यार्थी आज काय करतात, हे तीन प्रश्न प्रवेशापूर्वी विचारावेत. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नयेत.

तयारीला मात्र खर्च नाही. रोज वर्तमानपत्रातील परदेशाची एक बातमी वाचावी, तो देश नकाशात शोधावा आणि त्या घटनेचा आपल्या तालुक्याशी काय संबंध आहे, हे चार ओळींत लिहावे. वर्षभर हे केले, तर हा विषय आपल्याला मनापासून आवडतो की नाही, याचे उत्तर घरबसल्या मिळेल.