निवृत्तीचा मुहूर्त

नोकरी कधी मिळावी हे माणसाच्या हाती नसते. ती कधी सोडावी हे मात्र काही अंशी असते. राज्य सरकारच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तीचे वय ५८ ठरलेले असले, तरी २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेण्याची मुभा त्यांना आहे. परंतु हा निर्णय बहुधा कसा घेतला जातो? मुलीचे लग्न, घराचे थकलेले हप्ते, वरिष्ठांशी उडालेली खडाजंगी किंवा एकरकमी हाती येणाऱ्या पैशाची ओढ, यांपैकी एखादे निमित्त पुरते. हिशेब मागाहून मांडला जातो.

वस्तुतः तो आधी मांडावयास हवा. भाववाढ वर्षाला ६ टक्के धरली, तर आज दरमहा ३०,००० रुपयांत चालणाऱ्या संसाराला १२ वर्षांनी सुमारे ६०,००० आणि २४ वर्षांनी सुमारे १,२०,००० रुपये लागतील. ५८ व्या वर्षी निवृत्त होणारा तेव्हा अनुक्रमे ७० आणि ८२ वर्षांचा असेल. जुन्या निवृत्तिवेतनाला महागाईवाढीची जोड असल्याने हा भार बराचसा सरकार उचलते. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांसाठी अंशदानावर आधारलेली व्यवस्था आली, आणि हा भार कर्मचाऱ्याच्या खांद्यावर सरकला.

त्यावर उतारा म्हणून केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला. २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी तीत आहे. मात्र स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास ही रक्कम नोकरी सोडल्या दिवसापासून मिळत नाही. नियत वयोमानानुसार तो ज्या दिवशी निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून ती सुरू होते. साहजिकच, ५० व्या वर्षी घरी बसणाऱ्यास ६० व्या वर्षापर्यंतची दहा वर्षे स्वतःच्या पुंजीवर काढावी लागतील.

आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. हिशेब निवृत्त होणाऱ्याच्या आयुष्यापुरता मांडून भागत नाही. पत्नी बहुधा वयाने लहान असते, आणि स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांहून अधिक आहे. पतीच्या पश्चात तिच्या हाती येणारे कुटुंबनिवृत्तिवेतन कालांतराने मूळ निवृत्तिवेतनाहून कमीच भरते. औषधपाण्याचा खर्च नेमका त्याच वर्षांत वाढतो. घाईने घेतलेल्या निर्णयाची किंमत अशा रीतीने, तो न घेणारीला मोजावी लागते.

प्रकृती साथ देत नसेल किंवा दुसरे काम मनापासून साद घालीत असेल, तर लवकर निवृत्त होण्यात गैर काहीच नाही. मात्र राजीखुशीने घेतलेला निर्णय आणि उद्वेगाच्या भरात दिलेला अर्ज यांत अंतर आहे. अर्ज लिहिण्यापूर्वी नवरा-बायकोने घरखर्चाची वही उघडून पुढील तीस वर्षांचा आकडा एकत्र मांडावा. मुहूर्त त्यानंतर ठरवावा.