पेटी उन्हाने जात नाही, पावसाळ्यात जाते

कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना उल्हास नदीच्या आसपास वाड्या आणि फार्महाऊस वाढली आहेत. त्यांतल्या काही बागांत आता मधपेटीही दिसते. पावसाळ्यानंतर हौसेने आणलेली पेटी मार्चमध्ये गजबजते आणि गणपतीपर्यंत रिकामी होते. मग ‘रोग आला’, ‘ऊन सोसलं नाही’ अशी कारणं सांगितली जातात. अनेकदा माश्या मेलेल्याच नसतात, उपासमारीला कंटाळून घर सोडून गेलेल्या असतात. त्या उपासमारीची तयारी मे महिन्यात आपल्याच हातून झालेली असते. म्हणून पेटीबद्दलचे काही समज नीट तपासून घ्यायला हवेत.

‘कड्यावरचं मोहोळ उतरवून पेटीत भरता येतं’

सह्याद्रीच्या कातळांना लटकणारं मोहोळ आग्या माशीचं. ती उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधते आणि फुलोरा सरला की मुक्काम हलवते. तिला पेटीत कोंडता येत नाही. झुडपाच्या फांदीवर छोटं पोळं करणारी फुलोरीही पेटीत राहत नाही. अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी माशीच पेटीत नांदते. आपल्याकडे ती म्हणजे सातेरी. झाडाची ढोली, वारूळ, जुन्या भिंतीतलं खबदाड ही तिची मूळ घरं. कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर आग्या मोहोळ दिसलं तर धूर, दगड आणि आरडाओरडा टाळून मुकाट्याने पुढे जावं. एक माशी डसली की नांगीबरोबर धोक्याची सूचना देणारा गंध सुटतो आणि बाकीच्या त्या गंधावर येतात.

‘परदेशी माशी जास्त मध देते, म्हणून तीच घ्यावी’

मेलिफेरा ही परदेशी माशी मध जास्त देते हे खरं. पण ती १९६०च्या दशकात पंजाब-हिमाचलाच्या बाजूने आपल्याकडे रुजली आणि तिचा व्यवसाय उभा आहे तो पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरीपासून सूर्यफुलापर्यंत पिकामागून पीक गाठण्यावर. एका जागी ठेवलेल्या बागेतल्या पेटीला ते गणित लागू पडत नाही. सातेरीची वसाहत वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, पण ती इथल्या हवेत वाढलेली आहे. व्हरोआ नावाचा परजीवी कोळी मेलिफेराच्या वसाहतीच्या वसाहती संपवतो. सातेरी त्याला अंगावरून ओढून काढते. गांधीलमाशी दारात आली तर सातेरीच्या माश्या तिला चहूबाजूंनी घेरतात आणि अंगाच्या उष्णतेने मारतात. घरच्या बागेसाठी माझं मत सातेरीलाच.

‘पावसात हिरवळ असते, म्हणजे माश्यांना खायलाही असतं’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रान हिरवंगार दिसतं, पण त्यात मकरंद नसतो. जो थोडा असतो तो पावसाने धुऊन जातो आणि झडीत माशीला बाहेरच पडता येत नाही. करवंद, जांभूळ, करंज यांच्या उन्हाळी फुलोऱ्यात साठवलेला मध म्हणजे तिची पावसाळ्याची बेगमी. मेअखेर पाहुण्यांना दाखवायला म्हणून आपण मधकोठीबरोबर खालच्या पिलाव्याच्या चौकटींतला मधही काढला, की जुलैत तिच्याकडे काही उरत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये झाकण उघडून पाहावं. चौकट हाताला हलकी लागते, वरच्या कडेची मधाची पट्टी कोरडी असते, राणीने अंडी घालणं कमी केलेलं असतं. माश्या दोन-तीन पोळ्यांवर गोळा झालेल्या असतात आणि बाजूची पोळी उघडी पडलेली असतात. मेणपतंग नेमका तिथे शिरतो. तळपाटावर मेणाचा भुगा आणि काळी बारीक लेंडी दिसली, की आत अळीने जाळी विणायला सुरुवात केली आहे असं समजावं. माश्यांनी न झाकलेली पोळी लगेच काढून घ्यावीत आणि तळपाट दर आठवड्याला साफ करावा.

खाद्य म्हणून साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक गार करून संध्याकाळी पेटीच्या आतच ठेवावा. माश्या बुडू नयेत म्हणून त्यात काड्या टाकाव्यात. गुळाचं पाणी देऊ नये, त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो. फुलोरा सुरू झाला की पाक बंद, नाहीतर तोच मधात उतरतो.

पेटीचं दार नैर्ऋत्येच्या पावसाकडे नसावं आणि आत शिरलेलं पाणी वाहून जाईल इतपत पेटी पुढे कललेली असावी. पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. वाट्यांत पडलेलं एखादं पानही मुंग्यांचा पूल होतं, म्हणून त्या रोज पाहाव्यात. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांना हे जमत नाही. गावातल्या कुणाला तरी शिकवून ही जबाबदारी मोबदल्यासह द्यावी.

‘बागेत फुलझाडं लावली की पुरे’

माशी आपल्या कुंपणात राहत नाही, किलोमीटरभर परिसरात चरते. चार गुलाब आणि बोगनवेलीवर वसाहत जगत नाही. ती जगते शेवगा, नारळ, जांभूळ, करंज, ऐन, हिरडा यांच्यावर. डोंगरउतारावरची कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हा तर तिची चंगळ असते. म्हणून माळ साफ करताना करवंदीची जाळी राखावी. शेजारी फवारणी होणार असेल तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायची विनंती करावी.

‘मध गोठला म्हणजे साखर मिसळली’

मधातल्या ग्लुकोजमुळे शुद्ध मधही गोठतो. पाण्यात थेंब टाकणं, वात पेटवणं, कुत्र्याला चाटवणं या परीक्षांना काही अर्थ नाही. भेसळ प्रयोगशाळेतच कळते. आणखी एक: घरचा, शुद्ध असला तरी एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो.

शिकायचं असेल तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. तिथल्या मधपाळांकडे एक फेरी मारावी. पेटी घ्यायची ती पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मे-जूनमध्ये कुणी भरलेली पेटी देऊ केली, तर घेऊ नका.