गिलावा नसलेली भिंत

संपादकांना खरं तर एक चौकट हवी होती. ‘देशोदेशीच्या गमती’ या पानावर, स्पेनमधल्या बुन्योलच्या टोमॅटोफेकीशेजारी आणि जपानमधल्या मांजरांच्या बेटाच्या खाली बसेल अशी, तीनशे शब्दांची. “विटा रचायचं, केस कापायचं, टेबल मांडायचं ऑलिंपिक असतं म्हणे. गंमतशीर आहे, जाऊन ये,” असा निरोप होता.

गंमत होतीच. सप्टेंबर 2024 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहराबाहेरच्या युरेक्स्पो प्रदर्शन केंद्रात वर्ल्डस्किल्सची स्पर्धा भरली होती. एकीकडे चेपलेल्या मोटारीचा पत्रा सरळ करणं चाललेलं, दुसरीकडे लग्नाच्या गुच्छाची बांधणी, तिसरीकडे रुग्णाचं सोंग घेतलेल्या नटाची शुश्रूषा. एकूण 59 कौशल्यं, सत्तरच्या आसपास देश आणि जवळपास 1,400 स्पर्धक, बहुतेक बाविशीच्या आतले. शाळांच्या सहली ट्रामने येत होत्या आणि शिक्षक मुलांना रांगेत धरायचा प्रयत्न करत होते. मी ज्या भागात अडकले तिथे मात्र गर्दी तशी बेताचीच होती. तिथे पोरं विटांच्या भिंती बांधत होती.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकते. चाळीसच्या दशकात स्पेनमध्ये कुशल कामगारांचा तुटवडा होता. तिथल्या युवक संघटनेचे प्रमुख होसे अंतोनियो एलोला ओलासो यांना वाटलं, की हातकामाची स्पर्धा लावली तर मुलांचं आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबापांचं मन या कामांकडे वळेल. 1947 च्या देशांतर्गत स्पर्धेला चार हजारांच्या आसपास शिकाऊ उमेदवार आले. 1950 मध्ये पोर्तुगालला बोलावून दोन्ही देशांची मिळून 24 मुलं माद्रिदमध्ये उतरवली, ती पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तिची घडी बसवली फ्रान्सिस्को आल्बेर्त विदाल यांनी. पुढे 1983 पर्यंत सरचिटणीस तेच होते. हे सगळं फ्रँकोच्या हुकूमशाहीत घडलं, हेही ध्यानात असू द्यावं. 1958 ला स्पर्धा पहिल्यांदा स्पेनबाहेर, ब्रसेल्सला गेली. आता ती दर दोन वर्षांनी देश बदलत फिरते.

एक नियम मला फार कठोर वाटतो. या स्पर्धेत एका माणसाला आयुष्यात एकदाच उतरता येतं. गेल्या वेळी ब्राँझ मिळालं, यंदा सुवर्ण आणू, असली सोय नाही. म्हणजे मैदानात जो कोणी दिसतो, तो पहिल्यांदाच आणि शेवटचाच दिसतो.

आता भिंतीकडे येऊ. चार दिवसांत विभागलेले वीसेक तास, एक नकाशा, विटांचे ढीग, कालवलेला माल. विटा कापायला पाण्याची धार सोडलेलं करवतीचं यंत्र. बाकी सगळं हाताचं: थापी, दोरी, गुण्या, ओळंब्याचं आणि पाणसळीचं काम करणारी लांब पट्टी. पण भिंत आपल्या कंपाउंडसारखी सरळसोट नसते. तिच्यात बाहेर आलेल्या विटांची नक्षी असते, तिरक्या कापलेल्या विटांचे आकार असतात, कमानी असतात, दोन रंग जिथे भेटतात तिथली रेघ असते. नकाशा आधी दाखवलेला असला तरी आयत्या वेळी त्यात सुमारे 30 टक्के बदल करायचा रिवाज आहे, म्हणजे घोकंपट्टी चालत नाही.

एक मुलगा मी बराच वेळ पाहत राहिले. थापीवर माल घ्यायचा, मनगटाच्या एका झटक्याने तो थापीला चिकटवायचा, विटेच्या डोक्याला लावायचा, वीट दोरीला भिडवायची, बोटांनी दाबायची. ठोकायचं जवळजवळ नाहीच. दर तिसऱ्या-चौथ्या विटेला पट्टी लावून बघायची. विटांमधला सांधा 10 मिलिमीटरचा, सगळीकडे. मधेच त्याने एक अख्खा थर उचलला. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. विटा पुसल्या, माल खरवडला आणि तोच थर पुन्हा लावला. घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. काचेपलीकडच्या पंचांपैकी कोणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

या पंचांनीच मला खरी भुरळ घातली. किंवा त्यांच्या गुण द्यायच्या पद्धतीने म्हणा. चांगली भिंत कोणती, हे आपल्याकडचा जुना गवंडी लांबून एक डोळा मिटून सांगतो. इथे तसं चालत नाही, कारण पंच वेगवेगळ्या देशांचे, आणि प्रत्येकाचा स्वतःचा स्पर्धक मैदानात. म्हणून कामाचे तुकडे करतात. माप बरोबर आहे का, पातळी, ओळंबा, सरळ रेषा, कोन, नक्षीचे तपशील, सांध्यांची सफाई. यातलं जे मोजता येतं ते पट्टीने आणि फटीत सरकवायच्या पातळ पत्र्यांनी मोजायचं. चूक मिलिमीटरने वाढेल तसे गुण गळत जातात, तिथे वादाला जागा नाही. जे मोजता येत नाही त्याच्यासाठी तीन पंच उभे राहतात आणि एकाच वेळी पाट्या वर करतात: 0 ते 3. शून्य म्हणजे धंद्यात चालणार नाही असं काम, 1 म्हणजे धंद्यात चालेल, 2 म्हणजे त्याहून बरं, 3 म्हणजे उत्तम. पाट्यांमध्ये एकापेक्षा जास्त अंतर पडलं तर बोलायचं आणि पुन्हा पाट्या. आपल्या देशाच्या स्पर्धकाला गुण द्यायचे नाहीत.

मला यातली ‘1’ ची पाटी सगळ्यात आवडली. कौशल्यांची जगातली सर्वांत मोठी स्पर्धा, आणि तिच्या मोजपट्टीवर पहिली खूण आहे ती ‘साइटवर चालेल’ ही. कौतुकाची सुरुवातच पोटापाण्याच्या कामापासून. सगळे गुण मग एका समान मापावर आणतात आणि 700 चा पल्ला गाठणाऱ्याला, पदक हुकलं तर, मेडॅलियन फॉर एक्सलन्स देतात.

असं एक मेडॅलियन 2015 मध्ये ब्राझीलच्या साव पाउलो शहरात त्सोउ बिन नावाच्या मुलाला मिळालं, आणि विटांच्या बाबतीत मला सांगायची असलेली माणसाची गोष्ट त्याचीच आहे. जन्म 1995 चा, हूनान प्रांतातल्या शिनह्वा भागातल्या गावचा. शाळा लवकर सुटली आणि पोरगा वडिलांबरोबर बांधकामांवर जाऊ लागला. चिनी वर्तमानपत्रं त्याची एक खोड आवर्जून सांगतात: भिंत वाकडी वाटली की तो ती पाडून पुन्हा बांधायचा. काम जेवढं उठेल तेवढी मजुरी, त्यामुळे पाडलेली भिंत म्हणजे खिशातून गेलेले पैसे. बरोबरचे लोक त्याला खुळ्यात काढत. पुढे सरकारी बांधकाम कंपनीच्या एका स्पर्धेत ही खोड कोणाच्या तरी नजरेत भरली आणि तिथून तो राष्ट्रीय संघात पोहोचला. तिथे नवं संकट: नकाशा वाचायचा, भूमिती करायची, आणि भिंत तर अशी बांधायची जिच्यावर गिलावा चढणार नाही. चिनी इमारती काँक्रीटच्या, विटा असल्या तरी गिलाव्याआड. उघड्या विटांची ही युरोपी भिंत त्याच्या हाताला परकीच होती. तरी तो मेडॅलियन घेऊन आला. 2018 मध्ये तो चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेचा सदस्य झाला.

आणि मग चीनने जे केलं ते बघून कौतुक करावं की काळजी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 2011 मध्ये पहिल्यांदा उतरलेला हा देश. 2017 ला अबू धाबीत विटकामाचं सुवर्ण त्यांचं, 2019 ला कझानमध्ये पुन्हा त्यांचंच. ल्योंमध्ये एकूण 36 सुवर्णं. त्याआधी हेच दक्षिण कोरियाने केलं होतं. 1967 ला पहिल्यांदा येऊन शिवणकाम आणि बूटकामात सुवर्णं नेली, परतल्यावर मुलांची मोटारींतून मिरवणूक निघाली. पुढे 1977 ते 1991 सलग 9 वेळा पहिला क्रमांक. पदकवाल्याला सैन्यसेवेत सवलत, दरवर्षी सरकारकडून पैसे, मोठ्या कंपन्यांत नोकरी. (बूट बनवणं आता स्पर्धेतून गेलं आहे. क्लाउड कंप्युटिंग आणि सायबर सुरक्षा आली आहे.) देशाने एकदा मनावर घेतलं की पदकं येतात. पण ती आणणारी मुलं महिनोन्‌महिने तालमीत असतात. सकाळ-संध्याकाळ भिंती बांधतात, मोजतात, पाडतात. त्या काळात त्यांनी बांधलेल्या एकाही भिंतीत कोणी राहायला जात नाही. ल्योंमधल्या भिंतीही पाडण्यासाठीच होत्या. ज्या स्पर्धेची मोजपट्टी ‘साइटवर चालेल’पासून सुरू होते, तिचे विजेते साइट न पाहताच घडू लागले तर त्या ‘1’ च्या पाटीला अर्थ काय उरेल?

आपली गोष्ट याच्या उलटी. आपल्याकडे साइट आहे, गवंडी आहेत, तालीम नाही. 2019 मध्ये कझानला भारताला 4 पदकं मिळाली: जलतंत्रज्ञानात सुवर्ण, वेब तंत्रज्ञानात रौप्य, दागिने आणि ग्राफिक डिझाइनमध्ये ब्राँझ. त्यातलं ग्राफिक डिझाइनचं महाराष्ट्रातल्या मुलीचं होतं. ल्योंमध्ये 4 ब्राँझ: केक-पेस्ट्री, हॉटेलचं स्वागतकक्ष, इंडस्ट्री 4.0, अपारंपरिक ऊर्जा. आनंदच आहे. पण विटा, गिलावा, नळकाम, सुतारकाम, म्हणजे ज्या कामांवर देशातली लाखो घरं चालतात, त्यातलं एकही या आठांत नाही.

याचं कारण आपल्या गवंड्याच्या हातात नाही, भिंतीत आहे. आपली भट्टीची वीट हाताने साच्यात काढलेली. नऊ, चार, तीन इंच हे नुसतं म्हणायला; दोन विटा शेजारी ठेवल्या तर नजरेला दिसेल इतका फरक सहज निघतो. तिच्यावर एक मिलिमीटरचा हिशेब मांडणार कसा? दुसरं म्हणजे गिलावा. भिंत बांधली की तिच्यावर अर्ध्या-पाऊण इंचाचा थर चढणार हे मालकाला, मुकादमाला आणि गवंड्याला, तिघांनाही पहिल्या विटेपासून ठाऊक असतं. दोष झाकला जातो आणि सफाईही झाकली जाते. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये उघड्या विटांची घरं बांधली तेव्हा त्यांना गवंड्यांबरोबर स्वतः उभं राहावं लागे, ते काही उगाच नव्हे. आणि तिसरं, पुण्या-मुंबईच्या टॉवरमधून वीटच चालली आहे. एएसी ब्लॉक आले, आता तर मायव्हानच्या ॲल्युमिनियम साच्यांत भिंती काँक्रीटच्या ओतल्या जातात. तिथे थापी लागतच नाही.

सरकारी योजना आहेत. 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 कारागिरींत गवंडीकाम आहे, अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात. पुण्यात बांधकाम व्यावसायिकांच्या क्रेडाई संघटनेचा ‘कुशल’ उपक्रम मजुरांना साइटवरच शिकवतो, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण रोजगार बुडवून शिकायला कोण जाईल? महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. पण तिथल्या प्रवेशाच्या वेळी रांग लागते ती इलेक्ट्रिशियन आणि फिटरसाठी.

परत आल्यावर आमच्या भागातल्या एका साइटवर मी ल्योंमधल्या भिंतीचे फोटो घेऊन गेले. मिस्त्री मूळचे बीडकडचे, पंचवीसेक वर्षं याच कामात, हाताखाली मालदा-मुर्शिदाबादची पोरं. त्यांनी फोटो मोठा करून सांधे बघितले. नक्षीकडे नव्हे, सांध्यांकडेच. “मॅडम, हे होतं. वीट अशी दिली तर होतं,” ते म्हणाले. “टाइम किती दिला त्यांना?” मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, तेवढ्या वेळात आपली किती ब्रास भिंत उठते याचा असावा, आणि फोन परत दिला. दर ब्रासवर, भिंत सरळ असो की थोडी कमीजास्त, दर तोच.

मग मी वयाची अट सांगितली. बाविशीपर्यंत. त्यांचा मुलगा एकोणीसचा आहे, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतो, सुट्टीत साइटवर येतो आणि त्याची थापी चांगली चालते, असं ते स्वतःच अभिमानाने म्हणाले होते. त्याला यात घालाल का, असं विचारल्यावर मात्र त्यांनी एका शब्दात “नाही” म्हटलं आणि माल वाळायला लागला म्हणून पोरांना हाक मारली.