सोबतीचा रेडिओ कसा निवडावा

सायकलवरून दूध घालायला जाणारा गडी, रात्री मळ्यात राखणीला बसणारा शेतकरी, मेंढरे घेऊन घाट उतरणारा धनगर, आणि पायी पंढरीला निघालेला वारकरी. या चौघांची कामे वेगळी. पण एक गोष्ट सारखी आहे. चौघेही घरापासून दूर असतात. विजेची तार तिथे नसते. मोबाइलला रेंज मिळाली तर मिळाली, नाहीतर नाही. अशा माणसाला सोबतीला लहानसा रेडिओ असला तर बाजारभाव कळतात, पावसाचा अंदाज कळतो, आणि दोन घटका करमणूकही होते.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आता रेडिओ कशाला? मोबाइल आहे की!" त्यांना आम्ही २०२० सालची आठवण देऊ. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब आडवे झाले. मोबाइलचे मनोरे बंद पडले. कित्येक गावांत बरेच दिवस ना वीज, ना फोन. हातातला मोबाइल नुसती डबी होऊन बसला. रेडिओचे तसे होत नाही. बोलणारे केंद्र दूर असते. आपल्या गावातला खांब पडला म्हणून ते बंद पडत नाही. आपल्याकडे सेल असले की झाले.

तेव्हा रेडिओ घ्यावा. पण कोणता? दुकानात गेलात की दुकानदार लाल दिव्यांचा, मोठ्या आवाजाचा, गाणी भरलेला डबा पुढे करतो. गिऱ्हाईक आवाज ऐकून खूश होते आणि पैसे मोजते. तोच डबा रानात नेला की नुसती खरखर! दोन-तीन दिवसांची मजुरी पाण्यात जाते. आमच्या मते रेडिओ घेताना दोनच प्रश्न पहिल्यांदा विचारावेत. माझ्या रानात याला माझे केंद्र लागते का? आणि याचे सेल माझ्या गावच्या दुकानात मिळतात का? रंग, दिवे, आवाज हे सगळे नंतर.

केंद्र लागणे म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. रेडिओ केंद्रातून लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे प्रकार आहेत. आपल्या कामाचे दोन, एफएम आणि मिडियम वेव्ह. तिसरा शॉर्ट वेव्ह. तो फार दूर जातो, परदेशातली केंद्रेही त्यावर लागतात. पण आपल्या हवापाण्यासाठी आता त्याचा उपयोग थोडा, म्हणून त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

एफएमच्या लहरी विजेरीच्या झोतासारख्या सरळ जातात. आवाज फार स्वच्छ येतो. पण मध्ये डोंगर आला की अडल्या. विजेरीचा झोत जसा भिंतीपलीकडे जात नाही, तसे. दूरदर्शनच्या लहरीही याच जातीच्या. म्हणून तर पुण्याजवळ दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभा केला. उंचावरून झोत लांब पोचतो. आता तुम्ही खोल दरीत राहत असाल, आणि मनोरा डोंगरापलीकडे असेल, तर कितीही महाग रेडिओ आणा, एफएम तिथे कुरकुरणारच. दोष रेडिओचा नाही, डोंगराचा आहे.

मिडियम वेव्हच्या लहरींचा स्वभाव वेगळा. त्या जमिनीला धरून चालतात. टेकड्या-टेकाडांना वळसा घालतात. दिवसा त्या बऱ्याच दूर जातात आणि रात्री तर त्याहून लांब. ते कसे? हवेच्या फार उंच भागात सूर्याच्या उन्हाने एक थर तयार होतो. दिवसा तो या लहरी गिळतो. रात्री ऊन नाही, म्हणून तो थर विरतो. मग लहरी आणखी वरच्या थराला जाऊन आपटतात आणि खाली परततात. भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा, तशा. म्हणून रात्री राखणीला बसले की परमुलखातली, न समजणाऱ्या भाषेतली केंद्रे मध्येच डोकावतात. रेडिओ बिघडला असे समजू नका.

मात्र एक सांगितले पाहिजे. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मिडियम वेव्हची कितीतरी यंत्रे बंद केली आणि एफएमवर भर दिला. वडिलांच्या वेळी लागणारे केंद्र आज त्याच जागी लागेलच, असे नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी शेजाऱ्याला विचारा, "तुझ्या रेडिओवर काय काय लागतं? कुठल्या पट्टीवर? रानात लागतं का?" हे फुकटचे शहाणपण आहे. ते घेऊनच बाजाराला जावे. आणि रेडिओ घ्यायचाच तर एफएम आणि मिडियम वेव्ह अशा दोन्ही पट्ट्यांचा घ्यावा. नुसत्या एफएमचा डबा डोंगराळ मुलखात आम्ही तरी घेणार नाही.

आता रेडिओ हातात घेऊन पाहू. वर ओढून लांब करायची जी चकचकीत दांडी असते, तिला एरियल म्हणतात. ती एफएमसाठी. मिडियम वेव्हची कांडी वेगळी असते. ती रेडिओच्या पोटात आडवी बसवलेली असते, काळ्या रंगाची, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. म्हणून मिडियम वेव्ह ऐकताना वरची दांडी कितीही हलवली तरी फरक पडत नाही. सगळा रेडिओच फिरवावा लागतो. कांडीची कूस केंद्राकडे असली की आवाज मोठा. कांडीचे टोक केंद्राकडे झाले की आवाज बसतो. सायकलच्या पिशवीत रेडिओ ठेवून जाताना रस्ता वळला की आवाज एकदम कमी होतो, पुढच्या वळणावर परत येतो. त्याचे कारण हेच. पुष्कळ जण अशा वेळी रेडिओवर थाप मारतात. थापेने काही होत नाही. पिशवी फिरवा.

लोखंडी पेटीत किंवा पत्र्याच्या डब्यात रेडिओ ठेवलात तर लहरी आत शिरतच नाहीत. पत्र्याच्या दुकानात रेडिओ पारखणेही तसेच. शिवाय दुकानातले दिवे आणि मोबाइलचे चार्जर मिडियम वेव्हमध्ये खरखर घालतात. म्हणून रेडिओ बाहेर उघड्यावर आणून लावून पाहावा. ओळखीचा दुकानदार असेल तर आधीच बोलून ठेवावे, "उद्या रानात लावून पाहतो. नाही लागला तर परत घ्या." हे त्याने कबूल केले तरच पैसे द्यावे. भिडेपोटी गप्प बसू नये.

दुसरा प्रश्न सेलचा. बाजारात आता दोन तऱ्हेचे रेडिओ येतात. एकात दुकानचे सेल घालायचे. दुसऱ्यात आतली बॅटरी मोबाइलसारखी चार्ज करायची. चार्ज करायचा रेडिओ स्वस्त पडतो, सेलचा खर्च नाही. घरी रोज वीज असेल तर तो बरा. पण पंधरा दिवस पाल ठोकून मेंढरांमागे राहणाऱ्याने तो कुठे चार्ज करायचा? त्याने सेलचाच घ्यावा. दोन्ही सोयी असलेला मिळाला तर उत्तम. काही रेडिओंना सूर्याच्या उन्हावर चालणारी लहान काच असते, काहींना फिरवायचा दांडा असतो. अडीअडचणीला ते ठीक. रोज त्यावर भागेल असे समजू नका.

सेलमध्ये मोठा सेल आणि बारीक पेन्सिल सेल असे प्रकार असतात. दोन्हींचा जोर सारखाच, दीड व्होल्ट. मग फरक काय? घागरीतले आणि तांब्यातले पाणी एकच, पण घागर जास्त वेळ पुरते. तसे. मोठ्या सेलचा रेडिओ जड होतो, पण सेल कितीतरी जास्त दिवस टिकतात. रानडुकरे आवाजाला बिचकतात म्हणून मळ्यात रात्रभर रेडिओ चालू ठेवणारे शेतकरी आहेत. त्यांनी मोठ्या सेलचा घ्यावा. सायकलवाल्याने पेन्सिल सेलचा हलका घ्यावा.

चार्ज करायच्या बॅटरीवर एक आकडा छापलेला असतो. तो वाचायला शिका. समजा आकडा १००० आहे आणि रेडिओ तासाला ५० खातो. तर हजाराला पन्नासाने भागा. २० तास आले. रोज रात्री ८ तास राखण असेल तर अडीच रात्री पुरेल. आवाज मोठा केला की रेडिओ जास्त खातो, मग त्याहून कमी. असा हिशेब मांडता आला की दुकानदाराच्या "महिनाभर चालतो" या बोलण्याचा अर्थ कळतो.

आकड्यांवरून आठवले. काही नव्या रेडिओंवर काटा नसतो, चमकणारे आकडे असतात. त्यात एक खोच आहे. आपल्याकडे मिडियम वेव्हची केंद्रे नऊ-नऊच्या अंतराने ठेवलेली असतात. पुण्याच्या केंद्राचा आकडा वर्षानुवर्षे ७९२ असे. त्याला नवाने भाग द्या, ८८ येतात, बाकी काही उरत नाही. पण अमेरिकेच्या चालीने केलेला रेडिओ दहा-दहाने उडी मारतो. तो ७९० वर थांबतो, नाहीतर ८०० वर. नेमक्या जागी थांबत नाही. त्यामुळे आवाज चिरका येतो. असा रेडिओ नऊच्या पायरीवर आणता येतो का, ते घेतानाच विचारावे. आम्हांला विचाराल तर गोल चकतीचा, काट्याचाच रेडिओ बरा. अंधारातही बोटाने फिरवता येतो आणि बिघडायला त्यात फारसे काही नसते.

आवाज किती मोठा हवा, हे ऐकणारे किती त्यावर आहे. एकट्याला तळहाताएवढा पुरतो. वाड्यावर दहा-बारा माणसे मिळून ऐकणार असतील तर मोठ्या तोंडाचा घ्यावा. मिळून ऐकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. १९५६ साली पुणे केंद्राने दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळे बसवली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. तेव्हा घरोघर रेडिओ नव्हते. आमच्या लहानपणीही रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. १९८० नंतरच्या काही वर्षांत ती कटकट गेली.

आता सायकलवाल्यांसाठी थोडे. रेडिओ हँडलला बांधू नका. खडबडीत रस्त्याने सेलच्या स्प्रिंगा सैल होतात आणि आवाज तुटतो. कापडात गुंडाळून पिशवीत ठेवावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी वरून घालावी. काही हुशार पोरे डायनामोची तार रेडिओला जोडतात. तसे करू नये. डायनामोची वीज उलटसुलट वाहते आणि चाकाच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होते. एका उताराला रेडिओ जळून जातो. आणि कानात वायरी घालून सायकल चालवणे तर मुळीच नको. मागून ट्रक येतो तेव्हा तो ऐकू आला पाहिजे.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात धरा, कारण ती जिवाची आहे. दरवर्षी रानात वीज पडून माणसे मरतात, गुरे मरतात. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी वीज पडण्याचा इशारा देणारे 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे. मोबाइलला रेंज असेल तर ते जरूर वापरावे. रेंज नसेल तेव्हा मिडियम वेव्हचा रेडिओ थोडी मदत करतो. काटा केंद्र नसलेल्या जागी आणून ठेवा. लांब कुठे वीज चमकली की रेडिओत 'कड्' असा आवाज येतो. असे आवाज वारंवार आणि मोठे येऊ लागले की वादळ जवळ येत आहे असे समजा. एफएमवर हे कळत नाही. पण रेडिओ गप्प आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. ढगाचा गडगडाट कानाला आला की लगेच पक्क्या घरात जावे. झाडाखाली, मचाणावर, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नये. सायकल सोडून द्यावी. रेडिओची दांडी आत ढकलावी. आवाज चांगला यावा म्हणून कोणी झाडावर तार टांगली असेल, तर पावसाळ्याआधी काढून टाकावी. वीज अंगावर आली की तिला हात लावणे हे मरणच.

रेडिओ घरी आणल्यावर काळजी फार लागत नाही. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. सुगी संपली, रेडिओ आता ठेवून द्यायचा, तर सेल काढून ठेवावे. नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजून हिरव्या होतात. आत चार्जची बॅटरी असेल तर रेडिओ भर उन्हात कॅरिअरवर ठेवू नये. तापून ती फुगते.

रेडिओच्या पट्टीवरचे आकडे आणि अक्षरे इंग्रजी असतात. त्याने अडू नये. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून एकदा वाचून घ्या. मग एक चिठ्ठी करा. तुमच्याकडे जे केंद्र लागते त्याचे नाव आणि आकडा, हवामानाच्या बातमीची वेळ, बाजारभावाची वेळ, असे मराठीत स्वतःच्या हाताने लिहा आणि रेडिओच्या पाठीवर डिंकाने चिकटवा. सेल घातल्याची तारीखही तिथेच लिहीत जा, म्हणजे एक जोडी किती दिवस पुरली ते पुढच्या खेपेला कळेल.