मोबाइल तुमचा, नजर कुणाची?

'माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?' पाळतीचा विषय निघाला की कट्ट्यावर कुणीतरी हे बोलतंच. यावरचं चोख उत्तर मला सापडलं ते डेव्हिड के यांच्या कामात. के हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या लॉ स्कूलमधले प्राध्यापक. २०१४ ते २०२० या काळात जगभरातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर संयुक्त राष्ट्रांच्या वतीने लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

डोकं आता फोनमध्ये!

२०१५च्या अहवालात के म्हणतात, मत बनवणं ही आता फक्त डोक्यातली गोष्ट राहिलेली नाही. आपण काय सर्च करतो, काय सेव्ह करून ठेवतो, यातही आपली मतं असतात. म्हणजे फोनमध्ये डोकावणारा थेट तुमच्या विचारांत डोकावतो! म्हणूनच एन्क्रिप्शन ही गुन्हेगारांची चैन नाही, तर तुमच्या-आमच्या विचारांना लावलेली कडी आहे.

मग पोलिसांनी गुन्हेगार पकडायचेच नाहीत? जरूर पकडावेत. पण पाळत ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा, असं हा कायदा सांगतो. तसा स्पष्ट कायदा आहे का? हेतू रास्त आहे का? आणि उपाय गरजेपुरताच आहे ना?

हे आपल्या किती जवळचं?

जून २०१९मध्ये के यांनी हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची विक्री आणि वापर तूर्त थांबवा, अशी मागणी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पेगासस बनवणाऱ्या एनएसओ कंपनीला कोर्टात खेचलं. सुमारे १४०० फोन लक्ष्य झाले होते आणि त्यात भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्तेही होते. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने एनएसओला जबाबदार धरलं.

आपल्या सुप्रीम कोर्टानेही २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या निकालातल्या कसोट्याही याच धर्तीच्या आहेत. मात्र २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. खरी मेख इथेच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'लपवण्यासारखं काय आहे' म्हणालं, तर त्याचा फोन अनलॉक करून मागा. बघा देतो का!